तिन्हीसांजेला पाच मिनिटं थांबायचं म्हटलं तर तुम्ही नेमकं काय करता?

ओसरी | सोमवार, रात्री ९:१२

घरून काम सुरू झाल्यापासून संध्याकाळ नावाचा प्रकारच आमच्या घरातून गायब झालाय. साडेसहाचा कॉल साडेसातला संपतो, तोवर बाहेर अंधार, घरात कुणी दिवासुद्धा लावलेला नसतो, मी आपली लॅपटॉपच्या उजेडात बसलेली आणि मग एकदम कुकरची घाई. दिवस कधी संपला ते कळतच नाही, कारण तो संपतच नाही, रात्री अकराला पुन्हा टीमचा मेसेज असतोच.

लहानपणी साताऱ्याला आजीकडे हे इतकं वेगळं होतं. तिन्हीसांज झाली की झोपलेल्यांना उठवा, उंबऱ्यावर बसू नका, हातपाय धुवा, असा तिचा पट्टा सुरू व्हायचा. देवाजवळ निरांजन, तुळशीपुढे पणती, मग आम्ही सगळी चुलत-आते भावंडं ओळीने बसून शुभंकरोती, भीमरूपी आणि लगेच परवचा, त्यात पावकी निमकी आली की निम्मे जण नुसते ओठ हलवायचे. आणि घरातला पहिला लाईट लागला की मोठी माणसं त्या बल्बला नमस्कार करायची! मला ते फार आवडायचं, साधा साठचा पिवळा बल्ब, पण त्याला मान होता.

मी स्वतः देवदेव करणाऱ्यातली नाही. पण हल्ली एवढंच करते की कॉल संपला की लॅपटॉपचं झाकण लावते, तोंड धुते, बाल्कनीत एक पणती लावते आणि ती नीट स्थिर होईपर्यंत तिथेच उभी राहते. फोन आत. श्लोक वगैरे काही नाही. वाऱ्याने विझली तर परत लावते. तीन-चार मिनिटांचं काम आहे पण त्यानंतर ऑफिस संपलेलं असतं, खरंच संपलेलं असतं. आधी एक ध्यानाचं ॲप पण वापरून झालं, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हणायचं आणि मी मनातल्या मनात उद्याचं स्प्रिंट प्लॅनिंग करायचे, वर एक दिवस चुकला की ‘तुमची स्ट्रीक तुटली’ म्हणून नोटिफिकेशन. नको ते. मला वाटतं हाताला काहीतरी काम असलं की डोकं आपोआप मागे येतं, उलटं होत नाही.

तर विचारायचं असं की तुमच्याकडे असं रोजच्या रोज, एखाद्या ठरलेल्या कामाला चिकटलेलं काही आहे का? धार्मिक असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. नवीन काही सुरू केलं असेल तर तेही सांगा.


अर्धाचहा | सोमवार, रात्री ९:३०

वाचते आहे. बल्बला नमस्कार आमच्याकडे पण!! सासूबाई अजून करतात, ट्यूबलाईटला.


खडूस_काका | सोमवार, रात्री ९:४१

आपल्या आज्या फुकट करायच्या तेच आता डॉलर मोजून शिकायचं, माइंडफुलनेस म्हणे. आपलंच आपल्याला पॅक करून विकतात आणि आपण घेतो. (हलके घ्या.)


बोधीवृक्षाखाली | सोमवार, रात्री १०:०५

काका, हलकं घेतलं, पण जरा थांबा. पॅक करून विकतात हे खरं आहे, ‘आपलंच’ हे तितकं सरळ नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, तो दुखण्याने गांजलेल्या पेशंटसाठी होता, आणि त्याचं मूळ बौद्ध साधनेत आहे हे ते स्वतः सांगतात. आता ही साधना आपल्याकडे तशीच चालू होती का? गोएंका गुरुजी विपश्यना शिकले ते ब्रह्मदेशात, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे, आणि १९६९ ला इथे आले. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासूनचं. म्हणजे जी गोष्ट आपण सांभाळली नाही ती शेजाऱ्यांनी सांभाळून परत दिली, त्यांचं नाव तरी घेऊ.

ओसरीताई, मी दहा दिवसांचं शिबिर केलंय. पहाटे चारला घंटा, आर्य मौन म्हणजे कुणाशी अजिबात बोलायचं नाही, पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं. तिथे जमतं कारण तिथे दुसरं काही करायलाच नसतं, स्वयंपाक नाही फोन नाही. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात, ते माझं टिकलं नाही आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं टिकलेलं नाही. टिकलं ते आईने लावलेलं. आमच्याकडे संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती, उदबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणतात. पाच-सात मिनिटं. ते कितीही दमून आलो तरी होतं, कारण घरातले सगळे उभे असतात आणि मी एकटाच सोफ्यावर कसा बसणार.


खडूस_काका | सोमवार, रात्री १०:११

हे माहीत नव्हतं. बरं.


सिॲटलची_सई | मंगळवार, पहाटे ४:५०

ओसरी, छान धागा. माझी वेगळीच गोची आहे. इथे डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला अंधार आणि जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी ऊन, मग तिन्हीसांज कधी धरायची? उन्हाळ्यात तर मुलं झोपायच्या वेळेला सांज होते. मी शेवटी वर्षभर सात वाजताच लावते. तरी जूनमध्ये लख्ख उन्हात निरांजन लावताना वेड्यासारखं वाटतं, शेजारीण कुंपणापलीकडून बघत असते. शिवाय आधीच्या अपार्टमेंटमध्ये धूप लावला की स्मोक अलार्म केकाटायचा, आता नुसतं निरांजन, उदबत्ती बाद.


दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ७:२०

सईताई, आमच्याकडे मगरिबची नमाज सूर्यास्ताला बांधलेली, त्यामुळे घड्याळ रोज थोडं थोडं सरकतं आणि आम्ही त्याच्या मागे. लहानपणी रत्नागिरीत सूर्य कुठे बुडतो ते बघायची सवय त्यामुळेच लागली असणार. आता मी नमाजी म्हणून काही आदर्श वगैरे नाही पण वजूचं, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुतात त्याचं, सांगतो. आधी हात मनगटापर्यंत, मग चूळ, नाक, तोंड, मग कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी घोट्यापर्यंत पाय. क्रम ठरलेला. डोक्यात काहीही चालू असू दे, कोपरापर्यंत पाणी गेलं की निम्मं उतरतं. गार पाण्याचा परिणाम म्हणा, क्रमाचा म्हणा. ओसरीताई म्हणतात ना हाताचं काम, ते मला शंभर टक्के पटलं. आणि तुमच्या आजीचं ‘हातपाय धुवा’ पण काय वेगळं होतं?


ओसरी | मंगळवार, सकाळी ९:०२

दर्यावर्दी, काय सुंदर प्रतिसाद. तोंड धुण्याचं मी लिहिताना असंच ओघात लिहून गेले होते पण आता वाटतंय की खरं काम तिथेच होत असावं, पणती नंतरची.


गल्ला | मंगळवार, सकाळी ११:१५

आमचं किराण्याचं दुकान आहे, वडिलांबरोबर बसतो. त्यांचा सकाळचा कार्यक्रम सांगतो. शटर उघडायच्या आधी शटरला हात लावून कपाळाला. मग केर, दारात पाणी शिंपडणं, उदबत्ती आधी फोटोला मग गल्ल्याला मग तराजूला, आता तराजू इलेक्ट्रॉनिक आहे तरी त्याच्याभोवती फिरवतातच. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तरी उदबत्ती टोचून होईपर्यंत ते त्याच्याकडे बघत नाहीत आणि नेहमीच्या गिऱ्हाइकालाही ते माहितीये, तो उभा राहतो. मग बोहनीची नोट डोळ्याला लावून गल्ल्यात. आणि बोहनीला उधारी नाही म्हणजे नाही, सख्खा भाऊ आला तरी.

आता गंमत. हल्ली बोहनी बऱ्याचदा क्यूआर कोडवर होते, नोटच नाही. तो स्पीकर बोलतो अमुक रुपये प्राप्त झाले. तर बाबा त्या स्पीकरच्या डबीला हात लावून डोळ्याला लावतात. मी हसायचो आधी. आता मी एकटा दुकान उघडतो तेव्हा माझाही हात जातो.


अर्धाचहा | मंगळवार, सकाळी ११:२२

डबीला नमस्कार, हसून हसून पुरेवाट!


टोकदार | मंगळवार, दुपारी १:४०

सगळे भावुक झालेत तर मी जरा मिठाचा खडा टाकते. ओसरी, तुमची आजी ‘हातपाय धुवा’ म्हणत होती तेव्हा निरांजन कोणी घासलं होतं? फुलवाती कोणी वळल्या होत्या? तुळशीपुढचं सारवण, सकाळचा सडा, रांगोळी, सोवळ्यातला नैवेद्य? माझ्या आईचा आख्खा दिवस या ‘छोट्या छोट्या सुंदर’ गोष्टींत गेला. बाबा पाटावर बसून चित्राहुती घालायचे, ताटाभोवती पाणी फिरवायचे, शांतपणे, अगदी माइंडफुल की काय ते, आणि आई तोवर तव्यापाशी घामाघूम, तिचं जेवण अडीचला गार भाताचं. लग्न झाल्यावर मी ठरवून यातलं काहीही केलं नाही. आता तेच इन्स्टावर ‘स्लो लिव्हिंग’ म्हणून पितळी समई आणि लिननच्या साडीसकट परत आलंय ते बघून डोकं फिरतं.


जात्याची_दोरी | मंगळवार, दुपारी २:३०

टोकदार, अगदी. पण यातच एक दुसरी बाजू आहे ती जात्याची. पहाटे उठून दोन-दोन तास दळण, निव्वळ कष्ट, त्यात सुंदर वगैरे काही नाही. पण बायकांनी त्याच कष्टाला ओवी जोडली आणि तिथे त्या जे बोलल्या ते दिवसभरात दुसरीकडे कुठे बोलता येत नव्हतं. सासूबद्दल, भावाबद्दल, माहेरच्या वाटेबद्दल, नवऱ्याने टाकल्याबद्दल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अशा एक लाखाच्या वर ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. त्यात बीडच्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत त्या ऐकाच. म्हणजे जातं लादलेलं होतं पण ओवी त्यांची स्वतःची होती. जातं गेलं ते बरंच झालं, माझ्या आजीचे खांदे कायमचे दुखायचे. ओवी गेली त्याचं मात्र वाईट वाटतं. पिठाच्या गिरणीवर डबा ठेवून आलं की गाणार कशावर?


टोकदार | मंगळवार, दुपारी २:४८

हे मान्य. लादलेलं आणि स्वतःचं हा फरक कुणी केला तर माझं भांडण नाही.


ओसरी | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

टोकदार, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी आजीच्या बाजूने बघितलंच नव्हतं असं नाही, पण लिहिताना ओळीत बसलेल्या पोरांचंच लिहिलं हे खरं. म्हणूनच मी पणतीवर थांबले. बाजारातली तयार वात, तेलाचा एक चमचा. देवघर मांडलं की ते रोज पुसावं लागतं, मग फुलं लागतात, मग सणाला पुरण लागतं, हा रस्ता कुठे जातो ते माहितीये मला. कोणी मला ‘किती छान, आता श्रावणात पोथी पण लाव’ म्हटलं की मी विषय बदलते. मला जेवढं एकटीला, न दमता करता येईल तेवढंच, आणि एखाद्या दिवशी नाही केलं तर कुणी विचारणार नाही असंच पाहिजे.


सागवान | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

कोणी जेवणाबद्दल लिहिलं नाही अजून, टोकदार यांनी चित्राहुतीचा उल्लेख केला तेवढाच. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमच्याकडे ‘वदनी कवळ’ होतं, पोरं एका दमात गाडी सोडतात, अर्थ कुणालाच माहीत नसतो. मी एक बदल केला, श्लोक संपल्यावर पहिला घास तोंडात घालून कुणी बोलायचं नाही आणि तो संपल्यावर त्यात काय काय होतं ते एकेकाने सांगायचं. सुरुवातीला फक्त ‘भाजी’ ‘चपाती’. मग हळूहळू जिरं, कोथिंबीर, एकाने सांगितलं आज आईने गूळ घातला नाही, एका पोरीने सांगितलं की आज भाकरी आज्जीने केलीये कारण कडा जाड आहेत. वर बोधीवृक्ष यांनी ज्या अमेरिकन कोर्सचं लिहिलं त्यात एक बेदाणा हातात देतात, आधी बघा, वास घ्या, मग सावकाश चावा. आमच्याकडे बेदाणे परवडत नाहीत पण भाकरी आहे. चाळीस पोरांपैकी पाच-सहा जण दंगा करतातच, रोज होतं असंही नाही, परीक्षेच्या दिवसांत मी स्वतःच विसरतो.


सांगलीचा_बाळू | मंगळवार, रात्री ८:४५

आता धागा वाचला कारण सात ते साडेआठ मोबाईल बंद होता :) गंमत नाही, आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही मोबाईल बंद, साडेआठला परत वाजतो तेव्हा चालू. कोरोनात ऑनलाईन शाळेमुळे पोरांच्या हातात फोन आले ते निघेनात म्हणून ग्रामसभेनं ठरवलं. सुरुवातीला आशा ताई, अंगणवाडी सेविका, रिटायर मास्तर घरोघरी फिरून बघायचे. पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. पेपरात, टीव्हीवर लय गाजलं होतं. मी त्या गावचा नाही पण ते वाचून घरात तेच टायमिंग धरलं. बायको म्हणाली सात ते साडेआठ मालिका असतात, मग तिच्या एका मालिकेची सूट देऊन तह झाला. एकट्याने ठरवलं की मोडतं हो, गाव सोबत असलं की लाजेनं तरी होतं.


मांडवीकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

बाळू, आमच्या गोंयात हे जुनंच आहे, भोंग्याऐवजी इगर्जेची, म्हणजे चर्चची घांट. दुपारी बाराला आणि संध्याकाळी आंजेलूसच्या प्रार्थनेची घांट वाजली की माझी शेजारीण, तेव्हा साठीची असेल, जिथे असेल तिथे उभी राहायची. हातात मासळीची पिशवी असली तरी. गप्पा चालू असल्या तरी वाक्य अर्ध्यात तुटायचं, प्रार्थना पुटपुटून, कुरीस (क्रूसाची खूण) काढून, मग त्याच वाक्यापासून पुढे. आम्ही हिंदू पोरं पण तेवढा वेळ खेळ थांबवायचो, कुणी सांगितलं नव्हतं. मग रात्री घराघरांतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळं घर आल्ताराकडे (घरातल्या वेदीकडे) तोंड करून गुडघ्यावर. आता घांट वाजते पण स्कूटरवाले थांबत नाहीत, शेजारीणही नाही राहिली.

फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज म्हणून मठ आहे, तिक न्यात हान्ह या व्हिएतनामी भिक्खूंनी १९८२ मध्ये काढलेला. तिथे घंटा वाजली की सगळे हातातलं काम सोडून श्वास घेत उभे राहतात, टेलिफोन वाजला तरी आधी श्वास मग उचलायचा. वाचलं तेव्हा मला आमची शेजारीणच दिसली.


रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:१५

एक कामाचं लिहिते. मी हॉस्पिटलात मानसोपचार विभागात नर्स आहे. हे सगळं छान आहे, करा. पण ज्यांना खूप घाबरायला होतं, झोप उडालीये, नकोसे विचार येतायत त्यांना ‘दिवा लाव, श्वास बघ, बरं वाटेल’ एवढंच सांगून सोडू नका. काही जणांना डोळे मिटून शांत बसलं की उलट जास्त त्रास होतो, अशांना उघड्या डोळ्यांनी, चालत, हाताने काही करत राहणं सोपं जातं. आणि डॉक्टर तो डॉक्टर. सरकारची टेलि-मानस म्हणून फोन सेवा आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

माझं स्वतःचं विचाराल तर ड्युटी संपल्यावर हात धुणं. दिवसभर धुतच असतो पण शेवटचं धुणं मी वेगळं धरते, अंगठ्या-बांगड्या परत घालेपर्यंत कुणाशी बोलत नाही. बाकीच्यांना माहीत झालंय, थांबतात.


बोधीवृक्षाखाली | बुधवार, सकाळी ८:००

रात्रपाळी, फार महत्त्वाचं लिहिलंत. शिबिराच्या फॉर्मवर पण मानसिक आजाराबद्दल विचारतात ते याचसाठी. खरं लिहा तिथे लोकहो.


प्रॅक्टिकल_पुणेकर | बुधवार, सकाळी १०:३०

तत्त्वज्ञान झालं असेल तर एक शंका. बाल्कनीत पणती वाऱ्याने टिकत नाही, काचेच्या चिमणीत ठेवली की काजळी धरते. ओसरी, तुम्ही तेल कुठलं वापरता? आणि पडदा वगैरे लांब ठेवता ना, वरच्या मजल्यावर वारा फार असतो.


ओसरी | बुधवार, दुपारी १२:१०

तिळाचं. वात बोटभर बाहेर काढली की काजळी धरणारच, अगदी जोंधळ्याएवढं टोक ठेवून बघा. पणती स्टीलच्या ताटलीत, ताटलीत थोडं पाणी, आणि आत येताना मी विझवून येते, लावून सोडत नाही. पडदे नाहीतच तिकडे, दोरीवरचे कपडे मात्र आधी काढावे लागतात, त्यामुळे वाळलेले कपडे वेळेवर आत येतात हा एक फायदा सांगायचा राहिला.


सिॲटलची_सई | बुधवार, रात्री ९:३०

पाण्याची ताटली भारी आयडिया आहे, थँक्यू. मी पितळी निरांजन वापरते ते दर आठवड्याला काळं पडतं, इथे चिंच महाग, पीतांबरी इंडियन स्टोअरमध्ये मिळते पण संपली की महिनाभर येत नाही. काल मुलगा विचारत होता रोज का लावतेस, म्हटलं तूच लावून बघ. लावलं त्याने, काडी तीनदा मोडली. आता म्हणतोय रोज मीच लावणार.


टोकदार | बुधवार, रात्री ९:४४

लावू दे की. घासायला पण त्यालाच बसवा, शनिवारी, लिंबाची साल आणि मीठ देऊन. चिंच लागत नाही.